वंशावळीत नसलेल्या बायका

जात पडताळणीसाठी काढलेली वंशावळ आमच्याकडच्या बहुतेक मुलामुलींच्या फायलीत असते. वर पणजोबा, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग वडील, काका, चुलतभाऊ. सोबत प्रतिज्ञापत्र, कोतवाल बुकाची नक्कल, शाळा सोडल्याचे दाखले. मी खानदेशात, तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात 'आपल्या घराण्याची वंशावळ काढून आणा' असं सांगितलं की निम्मा वर्ग त्याच कागदाची झेरॉक्स घेऊन येतो. मग त्या नावांभोवती आम्ही जनुकशास्त्रातल्या खुणा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर खूण आतून काळी करायची, माणूस गेलेला असेल तर तिच्यावरून तिरकी रेघ ओढायची. काढून झालं की कागदावर बारा-पंधरा चौकोन असतात आणि वर्तुळ एकही नसतं.

काही वर्षांपूर्वी पारोळ्याकडची एक मुलगी तो कागद उलटा करून माझ्यासमोर उभी राहिली. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने निळ्या पेनाने आईकडची माणसं काढली होती. आजी, आजीच्या तीन मुली, एक मुलगा. चार वर्तुळांपैकी तीन काळी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: आजी, छातीत गाठ, वय अंदाजे ४२. मोठी मावशी, तेच, वय ३९. आई, वय ३७, टाटा, ऑपरेशन झालं. आमच्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, मग परळच्या त्या दवाखान्याची रांग, आणि खोलीभाडं परवडत नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मुलीने मला एवढंच विचारलं, "मॅडम, एका घरात तिघींना, तेही चाळिशीच्या आसपास. याचा शोध कुठे घेतात?"

आज ती मुलगी कर्करोगाच्या जनुकशास्त्रात पीएचडी करते आहे. तिची वाट मी जवळून पाहिली, आणि त्या वाटेविषयी माझं एक ठाम मत झालं आहे. खानदेशातल्या मुलामुलींना या विषयात यायचं असेल तर त्यांची वाट खानदेशातून जायला हवी, आणि ती बांधण्याचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. मागास भागातल्या मुलांना संधी द्या, असं म्हणून मी ही मागणी करत नाही. त्या शास्त्रालाच या मुलांची गरज आहे. ती गरज कशी आहे, ते आधी सांगते.

कर्करोगाचं जनुकशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर महागडी यंत्रं येतात. पण या शास्त्राची सुरुवात घरातल्या बोलण्यातून झाली. १८९५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर गावी अल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरातली माणसं कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिनने तिचं बोलणं झटकून टाकलं नाही. त्याने तिच्या घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ साली छापली. पुढे हेन्री लिंच यांनी ते काम हाती घेतलं, आणि आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो त्या आजाराला आज लिंच यांचं नाव आहे. स्तनाच्या कर्करोगाचंही तसंच. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवून दिलं, की कमी वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्यांच्या हाताशी काय होतं? २३ कुटुंबांच्या वंशावळी, आणि त्या कुटुंबांतले स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण. जनुक प्रत्यक्ष सापडलं १९९४ साली. त्यालाच आपण बीआरसीए-१ म्हणतो. कोण कोणाची कोण, कोणत्या वयात काय झालं, हे आधी कोणीतरी बसून विचारलं, लिहून घेतलं, म्हणून यंत्राला पुढे कुठे शोधायचं ते कळलं.

आता हे विचारायचं कोणी, आणि कोणत्या भाषेत?

मोठ्या दवाखान्यांतल्या इंग्रजी फॉर्मवर 'आंट' असा एकच रकाना मी पाहिला आहे. त्यात मावशी येते, आत्या येते, काकू येते आणि मामीही येते. मावशी आणि आत्या रक्ताच्या. काकू आणि मामी लग्नाने घरात आलेल्या. कर्करोगाची वंशावळ काढताना मावशीचा आजार आईच्या बाजूला धरायचा, आत्याचा वडिलांच्या बाजूला, आणि काकूचा आपल्यासाठी धरायचाच नाही, तो तिच्या मुलांच्या हिशेबात जातो. मराठी घरात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. शब्दातच ते आहे. मला तर वाटतं, आपल्या नात्यांचे शब्द म्हणजे अर्धी काढून ठेवलेली वंशावळ.

त्यातही एक गाठ आमच्याकडेच पडते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत होती, काही ठिकाणी आजही आहे. अशा लग्नात बाईची सासू हीच तिची आत्या असते. फॉर्म भरणारा बाहेरचा माणूस 'सासूला कॅन्सर होता' हे ऐकून पुढे जातो, कारण सासू रक्ताची नाही. आमच्याकडचा मुलगा मात्र लगेच विचारेल, "सासू तुमची आत्या लागते का?" आणि आत्या म्हणजे, आमच्या अहिराणीत फुई, या शास्त्रात फार महत्त्वाची. बायकांचा आजार आईकडूनच येतो असं लोक धरून चालतात. बीआरसीए जनुकातला बिघाड वडिलांकडूनही तितकाच येतो. ज्याच्या अंगात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी. बाप स्वतः ठणठणीत राहून तो मुलीला देऊ शकतो. म्हणून फुईविषयी विचारायलाच हवं, आणि ती तर लग्न होऊन गेल्यावर घराच्या कागदातून नाहीशी झालेली असते. आडनाव बदललेलं, पुष्कळदा पहिलं नावही बदललेलं.

ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन साक्री तालुक्यातल्या आजोळी गेली होती. परत आल्यावर तिने ती वही मला दाखवली. आजीचं माहेर कुठलं हे सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. शेवटी, भाऊबीजेला कुठल्या गावाहून भाऊ यायचा, त्यावरून एका म्हाताऱ्या मामीने गाव सांगितलं. मग ती त्या गावाला गेली. ओट्यावर बसलेल्या बायकांनी आजीच्या एका बहिणीविषयी सांगितलं, "तिले गाठ व्हती, पन तिनी कोनले सांगं नही." दुसरीविषयी एवढंच, "पोटमा पानी व्हयनं आनि गयी." हे वाक्य खेड्यापाड्यात किती ऐकू येतं. शहरातला फॉर्म भरणारा त्यापुढे 'कारण अज्ञात' लिहून मोकळा होतो. मुलीने विचारलं, डोळे पिवळे पडले होते का? लघवी पिवळी व्हायची का? कारण यकृताच्या आजारात पोटात पाणी होतं, पण अंडाशयाच्या कर्करोगातही होतं, आणि बीआरसीएच्या बिघाडात स्तनाच्या बरोबरीने अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. बायका म्हणाल्या, नाही, डोळे पांढरे स्वच्छ होते, नुसतं पोट वाढत गेलं. मुलीने त्या वर्तुळात काळं भरलं नाही. प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी गावाचं नाव लिहिलं. एमएस्सीलाही न पोचलेल्या मुलीने केलेलं हे काम मला पुष्कळ शोधनिबंधांपेक्षा मोलाचं वाटतं, आणि ते अहिराणीशिवाय झालं नसतं.

आता तिची वाट सांगते. तिच्या जागी कितीजण थांबले असते, ते त्यावरून कळेल.

बीएस्सीनंतर तिने जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एमएस्सी केलं. १९९० साली हे विद्यापीठ झालं नसतं तर तिचं शिक्षण तिथेच थांबलं असतं, घरच्यांनी तिला पुण्याला पाठवलं नसतं, हे तिच्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिला पेशींवर काम करायचं होतं. बाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेत जागा मिळाली, पण तिथे प्रकल्प करण्याचे पैसे विद्यार्थ्याने भरायचे. कापूस विकून आलेल्या पैशांतून ते भरले. मग नेट, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीची देशपातळीवरची परीक्षा. जीवशास्त्राचा सीएसआयआरचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. बारावीपर्यंत मराठीतून शास्त्र शिकलेल्या मुलीला विषय येत होता, प्रश्न दोनदा वाचावा लागत होता, आणि त्या परीक्षेत दोनदा वाचायला वेळ नसतो. दोन प्रयत्न गेले. गावात विचारणं सुरू झालं, अजून किती शिकवणार, स्थळं येणं बंद होईल. तिसऱ्या प्रयत्नात ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली आणि एका संशोधन संस्थेत पीएचडीला जागा मिळाली.

फेलोशिपची रक्कम २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये आहे. रक्कम चांगली आहे. पण तिच्या हातात पहिला पैसा सहा महिन्यांनी आला. तोवर भाडं, मेस, प्रवास मामाने चालवलं. पगारदार आईबापाच्या मुलाला सहा महिने थांबता येतं. ज्या घरात पैसा वर्षातून एकदा, कापूस निघाल्यावर येतो, तिथे सहा महिने थांबणं म्हणजे सावकाराकडे जाणं. आणि ज्यांना नेट-जेआरएफ मिळत नाही त्यांचं काय? केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएचडी करणाऱ्याला यूजीसीकडून महिना ८,००० रुपये मिळतात. राज्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ही योजनाच लागू नाही. देशातली बहुतेक मुलं शिकतात ती राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत, आणि नेमकं तिथेच संशोधन करायचं तर खिशातून करा असा नियम झाला आहे.

तिच्याच वर्गात धडगावकडचा एक मुलगा होता. पावरी, भिली, मराठी, हिंदी अशा चार भाषा त्याला येत. त्याच्या पाड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, त्यामुळे दोन वाहकांच्या, म्हणजे स्वतः बरे पण बिघाड अंगात असलेल्यांच्या, लग्नातून चारात एक मूल आजारी निघण्याचा धोका असतो, हे त्याला पुस्तक उघडण्याआधी ठाऊक होतं. प्रात्यक्षिकात तो इतरांना समजावून सांगायचा. एमएस्सी झाल्यावर त्याने वर्षभर वाट पाहिली आणि औषध कंपनीत एमआर झाला. त्याचं बरं चाललं आहे, मोटारसायकलवरून तीन तालुके फिरतो. तो भेटला की मला आनंद होतो, आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतंही. सातपुड्यातल्या पाड्यांत जाऊन कुटुंबाचा इतिहास विचारू शकणारा असा माणूस मला दुसरा माहीत नाही.

खानदेशाला जनुक हा शब्द नवा आहे असं कोणी समजू नये. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता तो शब्द आमच्या प्रत्येक बांधावर आला. जिवाणूचं जनुक कापसात घातलंय, बोंडअळीने पान खाल्लं की ती मरते, हे निरक्षर माणूसही सांगतो. बियाण्याच्या पिशवीसोबत बिनबीटी बियाण्याचं एक छोटं पाकीट येत असे. ते कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि बीटीला दाद न देणाऱ्या अळ्यांचा एकतर्फी वंश वाढणार नाही. आम्ही ते पाकीट लावलं नाही, जागा वाया जाते म्हणून. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. कर्करोगाच्या पेशींचं औषधापुढे असंच होतं. औषधाने मरणाऱ्या पेशी मरतात, न मरणाऱ्या उरतात आणि मोकळ्या रानात पसरतात. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमधल्या रॉबर्ट गॅटनबी यांनी शेतातल्या कीड व्यवस्थापनावरूनच धडा घेऊन प्रोस्टेटच्या कर्करोगात वेगळी रीत वापरून पाहिली. गाठ निम्म्यावर आली असं रक्ततपासणीत दिसलं की औषध थांबवायचं, औषधाला दाद देणाऱ्या पेशी थोड्या जगू द्यायच्या, पुन्हा वाढ दिसली की औषध सुरू. २०१७ साली आलेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत आजार नेहमीपेक्षा जास्त काळ ताब्यात राहिला. हे मी वर्गात सांगते तेव्हा कापूसवाल्यांची पोरं मान डोलावतात. त्यांच्या घरी ते घडून गेलेलं असतं.

केळीचंही तेच. रावेर-यावलकडे 'टिश्यूची लागवड' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. कोंबाचा बारीकसा तुकडा बाटलीत वाढवून हजारो सारखी रोपं करायची, हे तिथली पोरं लहानपणापासून पाहतात. याच ऊतीसंवर्धनाच्या तंत्राने माणसाच्या आणि उंदराच्या पेशी बाटलीत वाढवणारी देशातली पहिली प्रयोगशाळा १९६०च्या दशकात मुंबईत, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी राहिली, आणि ती उभी केली कमल रणदिवे यांनी. पुण्यात जन्मलेली ही मराठी बाई. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध शोधणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या लोकांत त्या होत्या. त्याच बाईंनी पुढे नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. प्रयोगशाळा आणि पाडा या दोन वेगळ्या जगाच्या गोष्टी आहेत असं त्यांना वाटलं नाही.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप घेणारी माणसं माझ्या जवळचीच आहेत. ते म्हणतात, मॅडम, आपल्याकडे कॅन्सर होतो तंबाखूने. आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहा. आधी पुडी बंद करा, तालुक्याला तपासणीची सोय करा, मग जनुकांचं बघू. पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि माझ्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पुड्यांचा खच पडलेला असतो. ती लढाई आधी लढायलाच हवी, त्यात माझं दुमत नाही. पण तंबाखू शरीरात जाऊन करते काय? पेशीतल्या जनुकांची मोडतोडच करते. भारतात पुरुषांना सर्वांत जास्त होणारा कर्करोग तोंडाचा. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, जिथे पुडी धरली जाते, तिथल्या कर्करोगाची जनुकं भारतीय रुग्णांत तपासून पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिकी संस्थेने आणि टाटाच्याच खारघरच्या संशोधन केंद्राने, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकने २०१३ साली निष्कर्ष मांडले. पाश्चात्त्य रुग्णांत माहीत असलेली जनुकं त्यात सापडली, तशी नवीही सापडली. हा आजार आपला, त्याच्या गाठी आपल्या, तर त्या वाचणारी माणसंही आपल्यातून यायला हवीत.

शिवाय शंभरात पाच म्हणजे थोडे वाटतात, पण देशात दरवर्षी चौदा लाखांच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. पाच टक्केच धरले तरी सत्तर हजार. आणि या रुग्णांचं वैशिष्ट्य असं, की एकीचा बिघाड कळला तर तिच्या अजून निरोगी असलेल्या बहिणी-मुलींना आधीपासून जपता येतं. तंबाखू सोडवून या घरांना वाचवता येत नाही.

मात्र चाचणी करून आलेल्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं, जनुकात बदल आहे, अर्थ अनिश्चित. असा निकाल युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा आपल्यासारख्यांना जास्त वेळा मिळतो, कारण तुलनेसाठी जगभर जमवलेली माहिती बहुतांशी त्यांचीच आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने देशातल्या १०,००० लोकांचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचला, ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्याकडे लग्नं जातीत आणि पोटजातीत होत आली, त्यामुळे एकेका समाजात एकेक बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. 'अर्थ अनिश्चित' या शब्दांचा अर्थ लागायचा असेल तर त्याच समाजातली आणखी घरं लागतात. तो बदल आजारी माणसांत आहे आणि निरोगी म्हाताऱ्या माणसांत नाही, असं दिसावं लागतं. ते काम मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत बसून होत नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला त्या मुलीच्या धाकट्या मावशीने शिकवला. तिचं वर्तुळ तेवढं पांढरं होतं. भाचीने समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मना पोरनं लगन व्हऊ दे, मंग दखू." मुलीचं लग्न जमवायचं होतं. घरात असा रोग आहे हे कागदावर आलं तर स्थळ फिरणार. नंदुरबारकडे सिकलसेलच्या तपासणीतही ही भीती काम करतेच. भाचीने एकदाही आग्रह केला नाही. तिच्या जागी मी असते तर मला ते जमलं नसतं. रक्त देणं न देणं, निकाल ऐकणं न ऐकणं, हा त्या बाईचा हक्क आहे आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही ऐच्छिक, समजून दिलेल्या संमतीवरच भर आहे. गावातल्याच मुलाने गावातली माहिती गोळा करण्यात धोका आहे हेही मी मान्य करते. त्याला घरं माहीत असतात, घरांना तो माहीत असतो, आणि बाजाराच्या दिवशी एक वाक्य तोंडातून गेलं की संपलं. म्हणूनच हे काम हौशीवर, दिवाळीच्या सुट्टीवर, एका मुलीच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. त्याला प्रशिक्षण हवं, नावाऐवजी क्रमांक लावण्याची शिस्त हवी, आणि संमतीपत्र बाईला वाचून दाखवता येईल अशा तिच्या भाषेत हवं.

धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी जनुकीय समुपदेशकाचं एक पद असावं. पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झालेली बाई आली की तिची दोन्हीकडची वंशावळ तिथेच लिहून घेतली जावी. विद्यापीठाने त्या कामाला पीएचडीचं संशोधन म्हणून मान द्यावा, खेड्यात जाऊन भरलेल्या वहीला प्रयोगशाळेतल्या कामाइतकं वजन द्यावं. रक्ताचे नमुने मुंबई-पुण्याच्या संस्थांकडे जाऊ देत, यंत्र इथे नसलं तरी चालेल, पण नमुन्यासोबत आमचा विद्यार्थी सहा-आठ महिने तिथे शिकायला जावा आणि शोधात त्याचं नाव यावं. ग्रामीण भागात कर्करोगाची चोख नोंद ठेवता येते हे बार्शीने १९८७ पासून दाखवून दिलं आहे. तिथे माणसं गावोगाव फिरतात, म्हणूनच ते जमलं.

पैशांचा हिशेब मी करून पाहिला आहे. दर जिल्ह्याला दोन, असे सहा विद्यार्थी. प्रत्येकी महिना ३७,००० म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. सहा जणांचे २६ लाख ६४ हजार. प्रवास, फोन, नमुन्यांचा खर्च वेगळा. एवढ्या रकमेची तरतूद राज्य सरकारला जड नाही. माझी त्यात एकच अट आहे, की पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर यावेत. नेटचा पेपर मराठीतून मिळावा हीसुद्धा मागणी करायला हवी, पण ते होईपर्यंत या सहा जागांची निवड नेटच्या गुणांवर अडवू नये. उमेदवाराला एका घरी पाठवा आणि तिथून तो काय लिहून आणतो ते पाहा.

मी माझ्यापुरतं एक बदललं आहे. प्रात्यक्षिकाला आता जात पडताळणीचा कागद चालत नाही. आईच्या आईपासून सुरुवात करायची, आणि फुई व मावशी सोडायच्या नाहीत. यंदा शिंदखेड्याकडचा एक मुलगा दोन आठवडे कागद घेऊन आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, आजी जाऊन वीस वर्षं झाली, तिचं नाव घरात कोणालाच सांगता येत नाही, सगळे तिला 'आबांनी माय', म्हणजे आबांची आई, एवढंच म्हणायचे. मी त्याला आणखी एक आठवडा दिला. तो शिरपूरला मामाकडे गेला, मामाला आठवेना, मग मामाने त्याला आजीच्या माहेरच्या गावी एका म्हातारीकडे नेलं. परवा त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवला. सगळ्यात वरच्या वर्तुळात नाव लिहिलं होतं, पेन्सिलीने, खोडून पुन्हा लिहिलेलं, आणि त्याच्या शेजारी तिच्या दोन बहिणींची वर्तुळं, ज्यांच्याविषयी विचारायला तो पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.